उद्याची चिंता बापावर : रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे चरित्रस्मरण

नाताळ जवळ आला की नागपूरच्या सदर भागातील चर्चच्या आवारात दिव्यांच्या माळा लागतात, कागदी चांदण्या वाऱ्यावर हलू लागतात आणि दिवाळीत आपल्या घरून गेलेल्या फराळाची आठवण ठेवून शेजारच्या ख्रिस्ती घरातून केकचे ताट येते. हा शेजारधर्म या शहरात जुना आहे. त्या ताटाबरोबर एका मराठी भक्ताचे स्मरणही आपल्या घरात यावे, या हेतूने हे चार शब्द लिहीत आहे. हे भक्त जन्माने कोकणातील ब्राह्मण, व्यासंगाने संस्कृतज्ञ आणि पिंडाने कवी. आपल्याच नागपुरात त्यांनी वैदिक ग्रंथांचे काम केले आणि नागपूरहून निघालेल्या आगगाडीच्या एका डब्यात त्यांच्या आयुष्याला वळण लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव.

आम्हा कीर्तनकारांना एक गोष्ट रोज दिसते. मंडळी देवळात येताना चपला बाहेर काढून ठेवतात. चिंता मात्र सोबत आत आणतात. पूर्वरंगाचे निरूपण रंगात आलेले असते आणि पहिल्या रांगेतील एखाद्या सद्गृहस्थाच्या मुद्रेवर मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, घराचे कर्ज यांचे हिशेब चाललेले स्पष्ट वाचता येतात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. चिंता आणि चिंतन हे दोन्ही शब्द एकाच धातूपासून झाले आहेत. मन कशाचे ना कशाचे चिंतन करणारच. ते परमेश्वराचे न झाले तर पिठामिठाचे होते. टिळकांच्या चरित्रात हा झगडा फार जवळून पाहावयास मिळतो. शिवाय त्याला दुसरी बाजू आहे, ती त्यांच्या पत्नीची. आणि माझ्या मते ती अधिक मोलाची आहे.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई हळवी, भाविक आणि गाण्याची आवड असलेली. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव अत्यंत तापट. घरात त्यांचा दरारा असे, आणि मुलाने वडिलांच्या जवळ जावे, त्यांच्या मांडीवर बसावे, असे त्या घरात घडले नाही. आई होती तोवर मुलाला सावली होती. ती अकाली गेली आणि हा मुलगा कोवळ्या वयात घर सोडून नाशिकला आला. ही पहिली गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे या माणसाने परमेश्वराला हाक मारण्यासाठी जो शब्द निवडला, तो बाप हा होता. ज्याला बापाचे छत्र लाभले नाही, त्याने ते आभाळात शोधले.

नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्यासारखा विद्वान गुरू भेटला. त्यांच्यापाशी टिळकांनी संस्कृताचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतही काही काळ गेला. परंतु भावंडांचा भार अंगावर पडल्यामुळे ते शिक्षण अर्ध्यावर राहिले. गुरुमुखातून मिळालेले संस्कृत मात्र अखेरपर्यंत त्यांच्या वाणीत राहिले. त्यांची मराठी कविता वाचताना शब्दांची जी घडण जाणवते, तिच्यामागे पाठशाळेतील हे संस्कार आहेत, हे संस्कृतच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.

१८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर गावातील गोखल्यांच्या मनकर्णिकेशी झाला. वधूचा जन्म १८६८ चा, म्हणजे वय अवघे अकरा-बारा वर्षांचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. या मुलीचे माहेर हा एक विलक्षण प्रकार होता. तिच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, १८५७ च्या धामधुमीत फाशी झाली. त्या घटनेचा तिच्या वडिलांच्या मनावर असा आघात झाला की, सोवळ्याने त्यांना जणू पछाडले. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही, कोणाचा स्पर्श झाला, कोणाची सावली पडली, याचाच अहोरात्र विचार. आपल्या धर्मात शौचाला स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण शौच हे साधन. त्याची जेव्हा काळजी होऊन बसते तेव्हा देव देव्हाऱ्यात राहतो आणि माणूस पाण्याच्या घागरीपाशी अडकतो. लक्ष्मीबाईंनी पुढे 'स्मृतिचित्रे' या आपल्या आत्मचरित्रात हे सारे वर्णिले आहे, आणि तेही वडिलांवर राग न धरता, हसत हसत. ज्या घरात काळजी हाच नित्यनेम होता, त्या घरातून ती मुलगी निघाली. आणि ज्याला उद्याचा दिवस म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, अशा पुरुषाच्या हाती तिचा हात देण्यात आला.

टिळकांचे पाय एका गावी ठरत नसत. कधी शाळेत शिक्षक, कधी भिक्षुकी, कधी छापखान्यात खिळे जुळवणारे. महाराष्ट्रातील किती गावी त्यांनी बिऱ्हाडे थाटली आणि मोडली याची गणती करणे कठीण. मनात आले की घरातून निघून जावयाचे. कुठे जातो, केव्हा येतो, याचा निरोप ठेवण्याची पद्धत नाही. हाती पैसा आला की दारात उभ्या राहिलेल्या पहिल्या गरजवंताला तो जायचा. राग यायचा तो वडिलांसारखा, आणि विरघळायचा तो आईसारखा. घरात धान्याचा डबा रिकामा झाला आहे हे त्यांच्या गावीही नसे. ते लक्ष्मीबाईंच्या गावी असे. संसारात कोणीतरी एक निश्चिंत राहतो तेव्हा बहुधा दुसरे कोणीतरी त्याच्या वाटणीची चिंता करीत असते, हे थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे सहसा सांगत नाहीत. तुकोबांच्या चरित्रात आपण जिजाबाईंना कजाग ठरवून मोकळे होतो. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी तीच होती, हे मी कीर्तनात मुद्दाम सांगत असतो.

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. येथील बुटी घराण्याचे नाव आजच्या भाविकांना शिर्डीच्या बुटीवाड्यामुळे परिचित आहे. त्याच नावाचे एक धनिक गृहस्थ, अप्पासाहेब बुटी, यांनी टिळकांना आश्रय दिला आणि वैदिक वाङ्मयाचे संकलन व भाषांतर यांचे काम त्यांच्यावर सोपविले. याच काळात 'ऋषि' नावाच्या नियतकालिकाचे संपादनही ते करीत होते. हिंदुधर्मातील प्रश्नांची चर्चा हा त्याचा विषय. विद्वानांची संगत, आवडीचे काम, पाठीशी उदार धनी. संसाराला जरा स्थैर्य येण्यासारखी परिस्थिती होती. पुत्र देवदत्त, घरातला दत्तू, याचा जन्मही १८९१ चाच. कोवळी अपत्ये गमावण्याचे दुःख सोसलेल्या त्या आईला हे बाळ म्हणजे जीव की प्राण होते.

तथापि ज्याच्या हाती वेदांची पोथी होती त्याच्याच मनात वादळ उठले होते. जातिभेदाने पोखरलेल्या या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न टिळकांना झोप येऊ देत नव्हता. त्यांनी स्वतःपुरता एक धर्म कल्पिलाही होता. सर्वांचा निर्माता एक, तो सर्वांचा पिता, आणि माणसे परस्परांची भावंडे, हा त्याचा गाभा. मूर्तिपूजा आणि पुनर्जन्म त्यांनी त्यातून वगळले होते. आपल्यासारख्या मूर्तिपूजकांना हे रुचणार नाही, मलाही रुचत नाही. पण शोध प्रामाणिक होता, यात संशय घेण्यास जागा नाही.

१८९३ च्या सुमारास त्यांना राजनांदगाव संस्थानात काम मिळण्याची आशा वाटली. आज छत्तीसगडात असलेले हे गाव त्या काळी नागपूरकरांना बंगाल-नागपूर रेल्वेने जोडलेले होते. त्या प्रवासात टिळकांच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. संभाषण सुरू झाले ते संस्कृत काव्यावरून, आणि हळूहळू धर्माकडे वळले. या मनुष्याचा नम्रपणा टिळकांच्या मनात भरला. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी त्यांना बायबलची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. पण पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते. ते पाळावयाचे म्हणून वाचावयास बसले. आरंभी कंटाळा आला. पुढे मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथून त्यांना उठता येईना.

हे प्रवचन त्या ग्रंथाच्या पाचव्या अध्यायापासून सातव्यापर्यंत आहे. आपल्याकडील जिज्ञासूंनी ते एकदा वाचून पाहण्यास हरकत नाही. त्यातील सहाव्या अध्यायात अन्नवस्त्राच्या काळजीचा विचार आला आहे. रानातील पाखरे आणि माळावरची फुले यांचा दाखला देऊन, ज्याने यांची तरतूद केली तो तुमचाही पिता आहे, तेव्हा उद्याच्या धास्तीने आजचा दिवस का नासवता, असा प्रश्न येशूने आपल्या श्रोत्यांसमोर ठेवला आहे. ते श्रोते कोळी, शेतकरी, मजूर अशा गोरगरिबांपैकी होते. ज्यांची कोठारे भरली आहेत त्यांना निश्चिंत राहा म्हणून सांगणे सोपे असते. ज्याच्या घरी संध्याकाळची भ्रांत आहे त्याला ते सांगण्यास अधिकार लागतो.

आपणांस येथे गीतेच्या नवव्या अध्यायाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. अनन्यभावाने चिंतन करणाऱ्या भक्तांचा योगक्षेम आपण वाहतो, असे भगवंतांनी तेथे सांगितले आहे. योग म्हणजे जे नाही ते मिळणे, क्षेम म्हणजे जे आहे त्याचे रक्षण होणे, असा अर्थ आचार्यांनी लावला आहे. नीट पाहिले तर माणसाच्या साऱ्या चिंता या दोन कप्प्यांत बसतात. नोकरी मिळेल का, हा योग. टिकेल का, हा क्षेम. मग टिळकांना हे आपल्या घरात असताना बाहेर का जावे लागले? याचे उत्तर मला त्यांच्या बालपणात सापडते. गीतेतील वचन हे स्वामीचे आहे, सख्याचे आहे. टिळकांना हवा होता तो रुसणाऱ्या, हट्ट करणाऱ्या, वाट चुकणाऱ्या मुलालाही जवळ घेणारा बाप. आपल्या संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले, ते त्यांना प्रियच होते. तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो, असे ते पुढे कृतज्ञतेने सांगत. पण त्यांची पोकळी आईची नव्हती, ती वडिलांची होती.

मनाचा निश्चय होण्यास दोन वर्षे लागली. मुंबईचे अमेरिकन मिशनरी जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार केला, आरंभी स्वतःचे नाव झाकून. हेच ॲबट पुढे महिपती, एकनाथ, तुकाराम यांची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत आणण्यात रमून गेले, ही गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो रेव्हरंड तुकाराम नथोजी या मराठी धर्मगुरूंच्या हातून झाला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा मुंबईस जातो आणि बातमी मागाहून येते, ती अशी! त्या काळच्या ब्राह्मण घरात पतीने धर्म सोडला म्हणजे पत्नी विधवेहूनही वाईट अवस्थेत पडे. कुंकू पुसता येत नाही, लावले तर लोक बोलतात. चार-साडेचार वर्षे ती बाई लहानग्या दत्तूला उराशी धरून आप्तांच्या आश्रयाने राहिली. त्यातील काही काळ पंढरपुरात गेला. शरीर खंगले, मनाचा तोल जाण्याची वेळ आली. याच काळात दुःखाला वाट म्हणून अक्षरओळख जेमतेम असलेल्या त्या बाईने कविता लिहावयास आरंभ केला. ज्या पांडुरंगाच्या पायांशी आपण आपली गाऱ्हाणी नेतो, त्याच्याच गावात तिने आपला वनवास काढला, हे चंद्रभागेच्या वाळवंटात कीर्तनाला उभा राहिलो की मला आठवते.

येथे स्पष्ट बोलले पाहिजे. टिळकांनी उद्याची चिंता बापावर टाकली, हे खरे. पण तिचा मोठा भाग चार वर्षे एका तरुण स्त्रीने वाहिला, हेही तितकेच खरे. निःसंगपणा आणि बेफिकिरी यांच्यामधली रेषा फार बारीक असते, आणि टिळकांच्या आयुष्याच्या पूर्वार्धात ते ती अनेकदा ओलांडून गेले. श्रद्धेने काळजी जाते याचा अर्थ जबाबदारी जाते असा नव्हे. पाखरू कोठार बांधीत नाही, पण घरट्यातील पिलांसाठी दिवसभर चारा वेचते. हे टिळकांना पुढे उमगले असावे, असे मला त्यांच्याच एका कवितेवरून वाटते. 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता आपल्यापैकी अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. बाण लागून मरणारी पक्षिणी स्वतःसाठी रडत नाही, तिचा जीव पिलांत अडकलेला आहे. ज्या कवीला प्रवचनातील निश्चिंत पाखरे दिसली, त्यालाच ही चिंतेने व्याकूळ झालेली पक्षिणीही दिसली.

एक गोष्ट मात्र टिळकांच्या पदरात घातली पाहिजे. पत्नीवर त्यांनी धर्माची सक्ती केली नाही. नाशिकला भेटी झाल्या, पुढे ती अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, त्यांच्याजवळ राहावयास आली, तेव्हा तिची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. एका घरात दोन धर्म नांदत होते आणि तापट टिळक शांतपणे वाट पाहत होते. लक्ष्मीबाईंचे परिवर्तन ग्रंथ वाचून झाले नाही. देवाने माणसे केली तेव्हा जाती कोणी केल्या, हा साधा प्रश्न एका प्रवासात त्यांच्या मनात उभा राहिला आणि माहेरापासून जपलेली विटाळाची भीती गळून पडली. कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. माझ्यासारख्या परंपरेच्या माणसाला असे वाटते की, आपल्याच धर्मात राहूनही ते सोवळे गळून पडावयास हवे होते. एकनाथांच्या घरी ते तीनशे वर्षांपूर्वी गळाले होते. आपण एकनाथांच्या पालखीला खांदा दिला, त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावलो नाही. ही खंत नोंदवून पुढे जातो.

तो काळ भयंकर दुष्काळाचा होता. १८९९-१९०० च्या त्या दुष्काळात गावेच्या गावे ओस पडली. नगर जिल्ह्यातील राहुरीस टिळक पतिपत्नी आली तेव्हा भोवती अनाथ मुलांची रांग लागली होती. ज्या बाईने पूर्वी स्पर्शाची धास्ती बाळगली, तिने ती धुळीने माखलेली, खरजेने भरलेली मुले न्हाऊमाखू घालून वाढविली. घरचे दोन आणि दारचे अनेक, अशी पंगत बसू लागली. पैशाची चणचण तशीच होती, किंबहुना वाढली होती. तरीही 'स्मृतिचित्रे' वाचताना जाणवते की, येथून पुढे लक्ष्मीबाईंच्या सांगण्यातील रंग बदलतो. काळजी आहे, पण ती आता गळ्याशी येत नाही. संध्याकाळी तांदूळ कोठून येणार हा प्रश्न असतो, आणि त्या प्रश्नावर हसताही येते. संसाराची काळजी संपत नाही. ती आपल्या जागी जाऊन बसते. नवऱ्याच्या खिशात पैसा ठेवावयाचा नाही, हिशेब आपण पाहावयाचा, हा व्यवहारही त्यांनी सोडला नाही. श्रद्धा आणि हिशेबाची वही एका हातात राहू शकतात, हे या बाईने दाखविले. टिळकांना ते कधी साधले नाही.

नगरच्या घराची कीर्ती मुलांनी आणि फुलांनी झाली. फुलामुलांचे कवी हे बिरुद महाराष्ट्राने टिळकांना दिले ते उगाच नव्हे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. तेथे धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या मुलाने कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला बालकवी म्हणून गौरविले. या मुलाला टिळकांनी आपल्या घरी आणले. ब्राह्मणाचे पोर ख्रिस्त्याच्या घरी राहिले म्हणून लोकांनी भुवया उंचावल्या असतील. पण त्याच्या धर्माला त्या घरात धक्का लागला नाही. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले.

'ज्ञानोदय' या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन, शिकविणे, प्रवचने असा टिळकांचा व्याप मोठा होता. पण आमच्या व्यवसायाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम निराळे आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींनी आपल्या देवाला आपल्याच चालीत आळवावे, हा त्यांचा ध्यास. गोव्यातील फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली ओवीत सिद्ध केले होते. परंतु टिळकांच्या काळी चर्चमधून बहुतेक परक्या चालींवर बेतलेली गीते गायिली जात. टिळकांनी अभंग लिहिले, भजने लिहिली, टाळ-मृदंग आणि कीर्तनाची परंपरा उचलून धरली. त्यांच्या 'अभंगांजली'तील ख्रिस्ताच्या जागी विठ्ठलाचे नाव कल्पून वाचले तर वारकऱ्याला ती परकी वाटणार नाहीत. आजही मराठी चर्चमध्ये नाताळच्या रात्री त्यांची पदे गायिली जातात. संस्कृत पाठशाळेत शिकलेला, वेदांवर काम केलेला हा मनुष्य धर्म बदलला तरी भाषेला आणि परंपरेला पारखा झाला नाही. कपडे, नावे, खाणेपिणे यांत साहेबांचे अनुकरण करणाऱ्यांना ते कठोर शब्दांत सुनावीत.

शेवटी शेवटी त्यांना मिशनचे वेतनही जड वाटू लागले. पगार घेऊन देवाची चाकरी करावी, हे मनाला पटेना. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले, साताऱ्यास राहावयास गेले आणि 'देवाचा दरबार' नावाचा भक्तांचा मेळावा उभारण्याच्या उद्योगाला लागले. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही तेथे जागा असावी, असा त्यांचा विचार होता. वृत्तीने ते संन्यासी झाले होते. लक्ष्मीबाईंनी या वेळीही कपाळाला हात लावला असेल. पण बावीस वर्षांपूर्वीसारख्या त्या कोलमडून पडल्या नाहीत. या खेपेस त्यांना न सांगता काही घडले नव्हते.

दरबार पुरता भरण्यापूर्वीच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांनी देह ठेवला. वय सत्तावन्न. आपले अंत्यसंस्कार भारतीय रीतीने व्हावेत, अशी त्यांची इच्छा होती. त्याप्रमाणे दहन करण्यात आले आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. मागे पैसाअडका ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. 'ख्रिस्तायन' हे येशूचरित्रपर महाकाव्य त्यांनी आरंभिले होते. रामायणाच्या धर्तीवर ठेवलेले हे नावच त्यांच्या मनाची घडण सांगते. त्याचे पहिले दहा अध्याय तेवढे लिहून झाले होते.

ज्या बाईला विवाहाच्या वेळी धड वाचता येत नव्हते, तिने त्यापुढे चौसष्ट अध्याय लिहिले. वैधव्यानंतरची सतरा वर्षे त्यांनी नोकरी करून, मुलांचे संसार उभे करून, कीर्तने करून काढली. ख्रिस्ती कीर्तनकार म्हणून त्या उभ्या राहत तेव्हा, आख्यान कोठे तोडावे आणि श्रोत्यांना कोठे हसवावे याचे त्यांचे भान आम्हा बुवामंडळींनी शिकण्यासारखे असले पाहिजे, असे त्यांचे गद्य वाचून वाटते. मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन १९३३ साली नागपुरास भरले तेव्हा लक्ष्मीबाई टिळक त्याच्या अध्यक्षा होत्या. चाळीस वर्षांपूर्वी, तान्ह्या दत्तूला मांडीवर घेऊन, नवरा राजनांदगावाहून केव्हा परतेल आणि काय बातमी आणील याची वाट पाहत ज्या शहरात त्यांनी दिवस काढले होते, ते हेच शहर. पुढच्याच वर्षी 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग छापून बाहेर आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्या निवर्तल्या. 'ख्रिस्तायना'चा शेवटचा अध्याय राहिला होता. तो दत्तूने लिहिला.